बीडच्या अंगणातील ऋतू

बालाघाटच्या डोंगरातून उतरलेली बिंदुसरा बीड शहराच्या मधून वाहते. तिच्या काठच्या जुन्या पेठेत, काळ्या दगडाच्या वाड्यांच्या चौकांतून आणि ओसऱ्यांवरून व्यापारी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. पूर्वी मारवाडातून आलेली ओसवाल घराणी आणि मराठवाड्याच्याच मातीतील सैतवाळ कुटुंबे येथे एकमेकांच्या शेजारी राहत आली आहेत. त्यांच्या दारांत वर्षभर उमटणाऱ्या आकृत्या ज्याला वाचता येतात, त्याला महिना सांगण्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही.

आषाढात पावसाची झड उंबऱ्यापर्यंत येते आणि अंगणातील रांगोळी आत सरकते. रांगोळीची भुकटी शिरगोळ्याच्या दगडाची. ओल्या फरशीवर तिची रेघ फुटते. तांदळाच्या पिठाची रेघ चिकटून बसते, पण पीठ म्हटले की मुंग्या आल्या. दक्षिणेकडे कोलम पिठाचा काढतात, तो मुंग्यांनाही अन्न मिळावे म्हणून. त्या दयेविषयी आदरच वाटावा. तरीही येण्याजाण्याच्या वाटेवर मुंगीला बोलावणे म्हणजे तिला पायाखाली बोलावणे, हा विचार चातुर्मासात जीवजंतू वाढलेले असताना अधिकच जाणवतो. मग चित्र जमिनीवरून पाटावर चढते आणि भुकटीची जागा अखंड तांदूळ घेतो.

हीच गहुली. मूर्तिपूजक श्वेतांबर परंपरेत गुरुमहाराजांसमोर श्राविका ती मांडतात. स्वस्तिकाचे चार हात म्हणजे चार गती, त्यावर ज्ञान, दर्शन, चारित्र्याच्या तीन ढिगल्या, आणि सर्वांत वर सिद्धशिलेची चंद्रकोर. सडलेला तांदूळ पुन्हा उगवत नाही, म्हणून जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याच्या भावनेला हाच दाणा शोभतो. त्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या गीतांनाही गहुलीच म्हणतात, ही गोष्ट मोठी गोड आहे. स्थानकवासी घरांत हा विधी नाही. तेथे चातुर्मासाची खूण प्रवचन, तपस्या आणि प्रतिक्रमण यांतूनच उमटते.

तांदळाची रेघ ओढणे भुकटीपेक्षा अवघड असते. चिमटीतून भुकटी सोडताना मनगट सावकाश फिरले तर रेघ जाड पडते, झपाट्याने फिरले तर बारीक. दाणा मात्र घरंगळतो. तो मुठीतून सोडायचा, मग बोटाच्या कडेने दोन्ही बाजूंनी हलकेच सरकवून काठ सरळ करायचा. चंद्रकोरीचे टोक बसेपर्यंत तीनदा मोडावे लागले तरी काही बिघडत नाही. मोडून पुन्हा मांडण्याच्या या मुभेतूनच नवे वळण सापडते.

दिवाळीत, महावीर निर्वाणाच्या दिवसांत, मारवाडी घरातील मांडणा पुढे येतो. जमीन गेरूने सारवायची, खडीचे पाणी करायचे, त्यात कापडाचा बोळा भिजवून तो मुठीत धरायचा आणि अनामिकेच्या टोकावरून ओघळणाऱ्या पाण्याने रेघ ओढायची. पावले काढण्याची युक्ती तर लहान मुलींनाही साधते: मुठीची बाहेरची कड खडीत बुडवून उठवायची आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यायचे. शेजारच्या मराठी दारातील चिमटीची कोरडी, मोडती रेघ आणि मांडण्याची ओली, वाहती रेघ एका गल्लीत समोरासमोर आल्यावर एकीने दुसरीचे काही उचलले नसते, तरच नवल. कमळ एकीचे, चौक दुसरीचा, असे मिश्रण त्यामुळेच घडते.

बीडचे कंकालेश्वर मंदिर कुंडाच्या पाण्यात उभे आहे आणि त्याचे तलविधान तारकाकृती आहे. मध्यबिंदू स्थिर ठेवून चौकोन फिरवत नेला की असे कोन बाहेर पडतात. दोन चौकोन एकमेकांवर तिरके टाकून अष्टकोनी रांगोळी काढणारी गृहिणी तेच करते. तिने शिल्पशास्त्र वाचलेले नसते, इतकेच.

या भूमितीची खरी कसोटी कार्तिकातील अष्टान्हिकेत लागते. बीडहून मांजरसुंबा, चौसाळा मागे टाकून धाराशिव जिल्ह्यात शिरले की कुंथलगिरी लागते. कुलभूषण-देशभूषण मुनींचे हे सिद्धक्षेत्र. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना येथेच झाली. दिगंबर समाजात कार्तिक, फाल्गुन आणि आषाढ या तीन महिन्यांत शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा या आठ दिवसांत सिद्धचक्र विधानाला विशेष महत्त्व असते. पहिल्या दिवशी ८ अर्घ्ये, दुसऱ्या दिवशी १६, मग ३२, असे दुप्पट होत आठव्या दिवशी १,०२४, एकूण २,०४०. हे सारे एका वर्तुळाकार मंडलात बसवायचे. सगळी घरे सारखी ठेवून पहिले वलय एक हाताच्या त्रिज्येचे धरले, तर आठवे १२८ हातांवर जाईल! म्हणून बाहेर जाताना घरे लहान करावी लागतात, एकाच वलयात अनेक ओळी घ्याव्या लागतात. मध्यभागी सुतळी धरून वर्तुळे टाकली जातात, रंगीत तांदूळ भरले जातात, आणि कोठे दाटी झाली हे भरतानाच कळते. हिशेबात मुरलेल्या घरांनाही घाम फोडणारे हे काम आहे.

अलीकडे छापील फ्लेक्सचे मंडल तयार मिळते. ते नेटके असते, वेळ वाचवते, भक्तीला त्याने बाध येत नाही. परंतु त्यावर दाणे ठेवणाऱ्या मुलीला १,०२४ घरे कोणत्या युक्तीने बसली हे कधीच कळत नाही, आणि सुतळी धरणारे हात प्रत्येक वर्षी कमी होतात. उंबऱ्यावरच्या चिकट रांगोळीचेही तेच. ग्रॅनाइटवर गेरू धरत नाही, ही अडचण मात्र खरी. त्यावर काही घरांनी प्लायवूडची फळी गेरूने रंगवून घेतली आहे. चित्र फळीवर निघते, पुसले जाते, फळी भिंतीला टेकते.

चैत्रात ती फळी पुन्हा उतरते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून महिनाभर मराठी दारांत चैत्रांगण असते: गौरीचा पाळणा, सूर्य, चंद्र, शंख, कासव, हत्ती, तुळशीवृंदावन. महावीर जयंतीही याच दिवसांत येते आणि शेजारच्या दारात मंगल कलश उमटतो. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे साखर कारखान्यांचे हंगाम संपल्याने परतू लागतात. लग्नसराईची खरेदी निघते, पेठ भरते. चैत्रांगण पुसले जाते ते अक्षय्य तृतीयेला. भगवान ऋषभदेवांचे पहिले पारणे श्रेयांसकुमाराने याच तिथीला उसाच्या रसाने घडवले, म्हणून वर्षीतपाची पारणी त्या दिवशी इक्षुरसाने होतात. सकाळी एका दारात महिन्याचे शेवटचे चित्र काढले जात असते, आणि समोरच्या घरी पाटावर रसाचे छोटे घडे मांडलेले असतात.