शेवटचं पान

म्हैसूरच्या ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूटचं नाव निघालं की १९०५ साल आठवतं. तंजावरकडच्या एका पंडिताकडून तिथे ग्रंथ लिपीतली ताडपत्रांची पोथी आली आणि ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या लक्षात आलं की हे कौटिल्याचं अर्थशास्त्र आहे. दंडी आणि बाण यांच्यामुळे नाव ठाऊक होतं, ग्रंथ मात्र दिसत नव्हता. १९०९ मध्ये तो छापून निघाला.

पोथीला मुखपृष्ठ नसतं. कोणता ग्रंथ, कोणाचा, हे अध्याय संपता संपता सांगायचं, अशी आपली जुनी रीत. अर्थशास्त्राचे अध्याय दीडशे. प्रत्येक अध्याय मिटताना कौटिल्याचं नाव घेतो. अगदी शेवटी तर कर्ता स्वतःविषयी बोलतो: शास्त्र, शस्त्र आणि नंद राजांच्या ताब्यातली भूमी ज्याने सोडवली, त्यानेच हे रचलं. त्यापुढचा, कौटिल्याचं विष्णुगुप्त हे नाव सांगणारा श्लोक मागाहून जोडलेला असावा, असं काही अभ्यासक मानतात. तसं असलं तरी मला त्याचं मोल कमी वाटत नाही. ग्रंथ निनावी जाऊ नये, याची काळजी कोणाला तरी होती.

या समाप्तीच्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. इंग्रजीत कॉलोफन; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिखर. छापखाना आला, तपशील हळूहळू पहिल्या पानामागे सरकला आणि कॉलोफन म्हणजे प्रकाशकाचं बोधचिन्ह, असाही अर्थ रूढ झाला. या स्थलांतरात लिहिणारा माणूस हरवला.

पोथीत तो असतो. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचं, मग त्यावर काजळी चोळायची, तेव्हा ते दिसू लागतं. पानभर असं कोरून झाल्यावर पाठ, कंबर, मान यांचं काय होत असेल! लेखनिक ते पुष्पिकेत मोकळेपणी सांगतात. समोरच्या प्रतीत होतं तसं उतरवलं, चूक असली तर मला दोष देऊ नका, म्हणतात. ग्रंथाला तेल लागू नये, पाणी लागू नये, बांधणी सैल पडू नये, तो मूर्खाच्या हाती जाऊ नये, असंही विनवतात. आज मात्र म्हैसुरात ताडपत्रं ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांना गवती चहाचं तेल लावतात. लेखनिकाला भीती होती ती सांडणाऱ्या तेलाची. हे तेल त्याच्या विनवणीचाच मान राखतं.

आपल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटीही शके १२१२ हा काळ आहे आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. ज्ञानदेवांच्या शेजारी लेखनिकाला जागा मिळाली, याचा मला फार आनंद वाटतो.

तुमच्या देवघरात किंवा माळ्यावर लाल कापडात बांधलेली पोथी असेल तर ती कोरड्या हातांनी सोडा आणि आधी शेवटचं पान पाहा. शक, तिथी, गाव, लिहिणाऱ्याचं नाव, जे सापडेल ते उतरवून ठेवा, पानाचा फोटो काढा. मजकूर मोडी लिपीत असेल आणि वाचता येत नसेल तर जाणकाराला दाखवा. आणि रद्दीत किंवा नदीत मात्र ती पोथी सोडू नका.