झोक्यावर चढणारी खुर्ची

रांगेत उभं राहणं सगळ्यांना सारखंच जड जातं, असं आपण धरून चालतो. माझ्या स्वमग्न भाच्याकडे पाहिलं की ते पटत नाही. कठड्यांमधली नागमोडी गर्दी, अंगाला घासणारे अनोळखी खांदे, डोक्यावरून धडधडत जाणारा पाळणा, त्यातल्या किंकाळ्या. त्याचे हात कानांवर जातात, डोळे मिटतात, आणि सहल तिथंच संपते.

अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांत २०१३पासून अशा मुलांसाठी एक सोय आहे. वाट पाहणं चुकत नाही, पण ते रांगेबाहेर करता येतं. परत यायची वेळ मिळते. तोवर मुलानं सावलीत बसावं, आइस्क्रीम खावं. किती साधी गोष्ट! त्याआधी अशा सोयीसाठी जे ओळखपत्र मिळायचं, त्याचा गैरवापर झाला होता. धडधाकट श्रीमंत मंडळी पैसे मोजून अपंग सोबती घेऊन येतात, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. २०२४मध्ये ही सोय मुख्यतः स्वमग्नता किंवा तिच्यासारखं विकासात्मक अपंगत्व असणाऱ्यांपुरती ठेवली गेली. चाळणी का लागते, ते मला कळतं. पण सोय मागायची ती व्हिडिओ कॉलवर, मुलाला शेजारी बसवून. लेकराला काय झेपत नाही, ते आईनं अनोळखी माणसाला सांगायचं, आणि लेकरानं ते ऐकायचं. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणूनच टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं ‘मॉर्गन्स वंडरलँड’ मला इतकं जवळचं वाटतं. गॉर्डन हार्टमन यांची अपंग मुलगी मॉर्गन सुट्टीत पोहण्याच्या तलावावर इतर मुलांशी खेळायला गेली, आणि ती मुलं पाण्याबाहेर निघून गेली. तिच्या बापानं पुढं एका जुन्या खाणीच्या जागेवर उद्यान उभारलं. ते २०१०मध्ये उघडलं. अपंगांना तिथं प्रवेश मोफत आहे. व्हीलचेअर थेट झोक्यावर चढते. मेरी-गो-राउंडवर घोड्यांच्या बरोबरीनं तीही वरखाली होते. २०१७मध्ये शेजारी पाण्याचं उद्यान आलं. बॅटरीची खुर्ची पाण्यात नेता येत नाही, म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मदतीनं दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या बनवल्या. गारठा सोसत नाही त्यांच्यासाठी कोमट पाण्याचीही सोय केली. हे सगळं आधीच कुणीतरी मनात आणलं होतं, आईनं तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी.

ताईला भाच्याला तिथं न्यायचंच आहे. तो घोड्यावर बसेल, की नुसताच पाण्याकडे बघत राहील, ते त्याचं त्यानं ठरवावं.