शेवटची दहा पावले

गुप्तधन शोधायचे तर माणूस पायाळू हवा, अशी आमच्या लहानपणी कोकणात सर्वांची खात्री होती. जो पायांकडून जन्माला आला, त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला म्हणे जमिनीखालचे हंडे दिसू लागत. हंड्यावर नाग बसलेला असे. तेवढा सांभाळून घ्यावा लागे! आमच्या गावात असे एक पायाळू गृहस्थ होते. स्वतःचा चष्मा कुठे ठेवला हे त्यांना कधी सापडले नाही, पण अमावास्या जवळ आली की लोक त्यांच्याशी फार अदबीने बोलत.

आता ही पायाळूपणाची सोय थेट आकाशात झाली आहे. अमेरिकेने सोडलेले तिसाच्या आसपास उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि अखंड वेळ सांगत राहतात. निदान चौघांची वेळ ऐकली की आपण कुठे उभे आहोत याचा हिशेब हातातले यंत्र मांडते. पूर्वी लष्करी सावधगिरी म्हणून या हिशेबात मुद्दाम घोळ घातलेला असे. सामान्य माणसाला शंभर मीटरांपर्यंतचा फरक निमूटपणे सोसावा लागे. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी हा घोळ बंद करण्याची घोषणा केली. लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली अर्धवट पुरली, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि लोकांना सांगितले, शोधा! बादलीत पुस्तके होती, थोडे पैसे होते, एक गलोल होती आणि बीन्सचा एक डबा होता. आठवड्याच्या आत ती सापडली. त्यातूनच जिओकॅशिंग नावाचा खेळ निघाला. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत, आणि नाग एकाही डब्यावर नेमलेला नाही.

खेळाचे नियम थोडे आणि सोज्ज्वळ आहेत. डबा पुरायचा नाही, शोधताना खणायचे नाही. सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची. एखादी वस्तू घेतलीच, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. मग डबा होता तिथे, होता तसा ठेवून मुकाट्याने चालू लागायचे. कुलूप नाही, पहारा नाही. पोस्टातल्या पेनाला सुतळी बांधलेली पाहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे रामराज्यच वाटावे!

माझी मुलगी ओरेगनमध्येच, पोर्टलंड शहराजवळ राहते. २०२४ च्या सप्टेंबरात मी तिच्याकडे महिनाभर होतो. नातू दहा वर्षांचा. दर रविवारी फोनच्या पडद्यावर आमची भेट ठरलेली; त्याचा कोणता दात पडला, कोणत्या विषयात किती गुण मिळाले, सारे मला पुण्यात बसून पाठ. पण प्रत्यक्ष एका घरात राहू लागल्यावर आमची गाडी ‘जेवलास का?’ आणि ‘हो’ यांच्यापुढे सरकेना. त्याचे मराठी स्वयंपाकघरापुरते. त्यात ‘तुम्ही’ हा शब्दच नाही. देव, आजोबा आणि शेजारचा कुत्रा, सर्वांना तो समभावाने ‘तू’ म्हणतो. माझे इंग्रजी पडले कचेरीतले. त्यात अर्ज उत्तम करता येतो, गप्पा मारता येत नाहीत.

एका शनिवारी संध्याकाळी तो जवळ येऊन म्हणाला, “आजोबा, तू येतो? रात्रीचा डबा आहे.”

रात्री जायला मुभा असलेल्या एका रानाच्या तोंडाशी जावयांनी गाडी उभी केली. डग्लस फरची झाडे इतकी उंच, की आकाशाची वरती एक पट्टी तेवढी दिसत होती. पायाशी कमरेएवढे नेचे, खोडांवर ओले शेवाळ. या रानात दिवसा यावे तर डब्याची वाट सापडत नाही. झाडांच्या सालींत ड्रॉइंग पिनेएवढ्या चकचकीत टाचण्या टोचलेल्या असतात. त्यांवर टॉर्चचा झोत पडला की त्या लुकलुकतात. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी वाट काढायची. मला एकही दिसेना.

“टॉर्च डोळ्याजवळ धर, आजोबा.”

टॉर्च कानशिलाशी नेला मात्र, आणि दूरच्या खोडावर चांदणी उमटली! ही टाचणी प्रकाश जिकडून येतो तिकडेच परत पाठवते. दिवा आपल्या नजरेशेजारी असला तरच ती आपल्याला दिसते. मी उत्साहाने जमिनीवरच्या दुसऱ्या चांदणीकडे निघालो, तर नातू ओरडला, “ते नाही, तो कोळी!” कोळ्यांचे डोळेही तसेच चमकतात. तेवढ्यात लांबवर कोयोटी, म्हणजे तिकडचे कोल्हे, एकसुरात रडू लागले आणि दोन हात एकमेकांत आले. कोणी कोणाचा धरला, हे अंधारात सांगणे कठीण. जावई मागून येत होते. त्यांना साक्षीला बोलावण्यात अर्थ नव्हता.

शेवटच्या टाचणीपाशी यंत्राने दहा मीटर दाखवले आणि हात टेकले. दाट झाडीखाली उपग्रहांचा आवाज नीट पोहोचत नाही. काटा कधी उत्तरेला, कधी माझ्याकडेच रोख धरू लागला. नातवाने यंत्र खिशात टाकले. “आता विचार कर. तू कुठे ठेवला असता?”

वीस हजार किलोमीटरांवरून मदत मिळते ती इथपर्यंत. पुढे कोणा अनोळखी माणसाच्या मनात शिरायचे असते.

“मी ढोलीत ठेवला असता,” मी म्हणालो.

“ढोली म्हणजे?”

शब्द सांगून समजेना, म्हणून आडव्या पडलेल्या एका प्रचंड ओंडक्याच्या पोकळीत मी टॉर्च मारला. सालीच्या तुकड्यांआड हिरवा पत्रा दिसला! लष्करातली काडतुसांची जुनी पेटी होती ती. झाकणाला रबर असल्याने पाणी आत जात नाही, म्हणून या खेळात तिला मान. बंदुकीच्या गोळ्यांच्या जागी खेळातली मोटार, काचेच्या गोट्या, एक किल्ल्यांची कडी, वही आणि बोटभर पेन्सिल. नातवाने एक गोटी घेतली. मी त्याच्यासाठी नेलेला सावंतवाडीचा अंगठ्याएवढा लाकडी भोवरा त्याने तिथे ठेवला. मोलाचा हिशेब त्याने खेळाच्या नियमापेक्षा चोख केला.

मग वहीत त्याने इंग्रजीत नाव लिहिले, थोडा थांबला आणि म्हणाला, “आजोबा, मराठीत माझे नाव कसे दिसते?”

गुडघे टेकून, त्याचा हात माझ्या हातात धरून, मी ते गिरवून घेतले. माझ्या आजोबांनी धुळाक्षरे अशीच काढून घेतली होती. वेलांटी जरा लांबली, पेन्सिलीचे टोक मोडले. पण नाव झाले. त्याने ते दोनदा वाचले आणि पेटी ढोलीत परत सरकवली.

आपण सारे आता एकमेकांना फार अचूक सापडतो. मुले कुठे आहेत, तिथे किती वाजले, पाऊस आहे की ऊन, हे आईबापांना बसल्या जागी कळते. अंतर दहा पावलांवर येते आणि यंत्र थांबते. ती दहा पावले पत्त्याने सरत नाहीत. तिथे ओणवे व्हावे लागते, हात घालून पाहावे लागते, आणि बरोबर कोणीतरी असावे लागते.

मी परतलो, रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. मात्र आता ‘जेवलास का?’ हे मी विचारीत नाही. पडद्यावर आधी एक वहीचे पान येते, त्यावर आठवड्याचे नवे अक्षर असते. ‘ढ’ त्याने स्वतःहून काढला.