ट्रॉम्बेचा किनारा आणि पहिला कॅमेरा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बे हे मूळचे तुर्भे. खाडीपलीकडच्या नवी मुंबईतील तुर्भे वेगळे; हे एकेकाळी मुंबईपासून सुटे असलेले बेट होते. त्याच्या आकारावरून इंग्रजांनी त्याला ‘बैलाची जीभ’ अशा अर्थाचे नाव दिले होते. आज भरावामुळे बेटपण पुसले गेले आहे. हार्बर मार्गावरील मानखुर्द स्थानकावर उतरून दक्षिणेकडे गेले की चित्ता कॅम्पची दाट वस्ती लागते, पुढे जुने गाव आणि कोळीवाडा लागतो आणि रस्ता अखेर जेटीवर येऊन थांबतो. समोर ठाण्याची खाडी, दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, पैलतीरी नवी मुंबईच्या उंच इमारती आणि पाठीशी ट्रॉम्बेची टेकडी असा हा देखावा आहे.

हिवाळा सुरू झाला की या जेटीवर गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसे दिसू लागतात. त्यांत कोणी नुकताच सेवानिवृत्त झालेला असतो, तर कोणी परीक्षेनंतरच्या सुट्टीत वडिलांकडून कॅमेरा मिळवलेला विद्यार्थी असतो. सर्वांना हवे असतात ते रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. साधारणतः नोव्हेंबरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हे पक्षी ठाणे खाडीत मुक्काम करतात. खाडीचा उत्तरेकडील भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पक्षी तर येतात. परंतु नवा कॅमेरा घेऊन आलेल्या अनेकांच्या पदरी पडतात ते करड्या चिखलावरचे गुलाबी ठिपके. दोन-तीन फेऱ्यांनंतर उत्साह मावळतो आणि हौसेने, क्वचित हप्त्यांवर घेतलेली वस्तू कपाटात जाते. दोष ना पक्ष्यांचा, ना यंत्राचा. कशासाठी घ्यावयाचा हे ठरण्याआधी कॅमेरा घेतला गेला, एवढेच.

हे अंकगणिताने पाहता येते. लहान रोहित पक्ष्याची उंची सुमारे 90 सेंटिमीटर असते. तो जेटीपासून 100 मीटर अंतरावर उभा आहे असे समजू. साध्या मोबाइलच्या मुख्य भिंगातून तो छायाचित्राच्या उंचीचा जेमतेम शंभरावा भाग व्यापतो. सुरुवातीच्या कॅमेऱ्यासोबत सहसा 18 ते 55 मिलिमीटरचे भिंग मिळते. ते 55 वर ठेवले तरी पक्षी उंचीचा सुमारे तिसावा भागच भरतो. त्याच कॅमेऱ्याला 300 मिलिमीटरचे भिंग लावले, तर तोच पक्षी सहावा भाग व्यापतो आणि मग त्याची वळणदार मान आणि वाकडी चोच ओळखू येते. जाहिरातीत ठळकपणे छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याचा या हिशेबाशी संबंध नाही. अंतर भिंग कापते, मेगापिक्सेल नव्हे.

म्हणून ज्याला पक्षीच टिपावयाचे आहेत, त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, भिंग बदलता येणारा कॅमेरा आणि त्याला 300 मिलिमीटरपर्यंत पोहोचणारे भिंग. दुसरा, न बदलता येणारे परंतु फार लांबवर पोहोचणारे भिंग असलेला कॅमेरा, ज्याला दुकानदार ‘ब्रिज कॅमेरा’ म्हणतात. या प्रकारच्या काही कॅमेऱ्यांची झेप 2000 मिलिमीटरइतकी भरते आणि वेगळ्या भिंगाचा खर्चही वाचतो. मात्र प्रकाश टिपणारा त्यांचा सेन्सर बहुधा फार लहान, सुमारे 6 बाय 4.5 मिलिमीटरचा असतो. भिंग बदलता येणाऱ्या साधारण कॅमेऱ्यात तो 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तेरापट असतो. भर उन्हात हा फरक जाणवत नाही. सूर्य कलल्यावर मात्र लहान सेन्सरचे चित्र दाणेदार होऊ लागते.

जेटीकडून मागे वळून कोळीवाड्यात शिरले की हिशेब पालटतो. अरुंद गल्ल्या, उंबऱ्यांवरील रांगोळ्या, दोरखंडांची वेटोळी, जाळी विणणारे वृद्ध हात, रंगवलेल्या होड्यांचे नाळ ही सारी दृश्ये हाताच्या अंतरावर आहेत. येथे 300 मिलिमीटरचे भिंग निरुपयोगी ठरते. ज्याचे मन या दृश्यांत रमते, त्याला पहिले वर्षभर हातातील मोबाइलही पुरतो. कॅमेराच हवा असेल तर 35 किंवा 50 मिलिमीटरचे, एफ 1.8 छिद्राचे लहानसे भिंग घ्यावे. कॅमेऱ्यासोबत मिळणारे भिंग 55 वर असताना बहुधा एफ 5.6 पर्यंतच उघडते. त्याच्या तुलनेत एफ 1.8 मधून सुमारे दहापट प्रकाश आत येतो आणि दिवेलागणीच्या वेळी गल्लीतही हात स्थिर राहिला तर चित्र स्वच्छ येते. माणसांचे छायाचित्र घेण्यापूर्वी मात्र दोन शब्द बोलून संमती घ्यावी. कोळीवाडा हे प्रदर्शन नव्हे, लोकांचे घर आहे.

टेकडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर आहे. आशियातील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ 4 ऑगस्ट 1956 रोजी येथेच कार्यान्वित झाली. या परिसराचे छायाचित्रण निषिद्ध आहे. त्या दिशेला कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि ड्रोनचा तर विचारही करू नये. काय टिपू नये हे जाणणे हादेखील या छंदाचा पहिला धडा आहे.

येथील प्रकाशाचेही गणित आहे. जेटीचे तोंड पूर्वेला असल्याने सकाळी सूर्य समोर येतो आणि पक्षी काळ्या आकृत्यांसारखे दिसतात. दुपारनंतर सूर्य पाठीशी जातो आणि पंखांचा खरा रंग उजळतो. पाणी ओसरलेले असताना पक्षी दूरच्या चिखलावर चरतात. भरती चढू लागली की ते काठाकडे सरकतात. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट करावी. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती सुमारे साडेचारला. याचा अर्थ पंचमी ते सप्तमी या तिथींना चढते पाणी आणि पाठीमागचा प्रकाश दोन्ही दुपारी एकत्र येतात. त्या दिवसांत भांगाची भरती असल्याने पाणी फार चढत नाही, हे लक्षात ठेवावे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पाहावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहून साधलेला हा लाभ कित्येकदा महागड्या भिंगाहून मोठा असतो.

मुंबईला या छंदाची परंपरा जुनी आहे. 1854 मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत हौशी छायाचित्रकार होते. पुढे सामान्य मराठी घरांत पहिला कॅमेरा म्हणून आला तो बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’. एका रोलमध्ये बाराच छायाचित्रे निघत. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी आणि मगच श्वास रोखून उभा राही. त्या साध्या यंत्राने संयम शिकवला. आजच्या कॅमेऱ्यात हजारो छायाचित्रे मावतात. संयम मात्र स्वतःलाच आणावा लागतो.

खरेदी करताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ठरवलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम कॅमेऱ्याच्या मुख्य भागावर खर्च करू नये. उरलेली भिंग, जादा बॅटरी, मेमरी कार्ड आणि पिशवी यांसाठी राखावी. कॅमेऱ्याचा मुख्य भाग काही वर्षांत जुना होतो, चांगले भिंग दीर्घकाळ टिकते. एका कंपनीचे भिंग दुसरीच्या कॅमेऱ्याला सहसा थेट बसत नाही. म्हणून घरात किंवा मित्राकडे भिंगे असतील तर त्याच कंपनीचा कॅमेरा घेणे हिताचे. फोर्टमधील बोरा बाजार परिसरातील दुकानांत कॅमेरा हाती घेऊन पाहावा. बोटांना न मानवणारे यंत्र घरी पडून राहते. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे आणि भिंग प्रकाशासमोर धरून आत बुरशीचे धागे नाहीत ना, हे तपासावे. नव्या मालावर भारतातील कंपनीची वॉरंटी आणि पक्के बिल घ्यावे.

मुंबईच्या दमट हवेत बुरशी हा भिंगाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा थोडक्या खर्चात तिला आवरतो. तरीही सर्वांत चांगला उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढणे.

पक्ष्यांच्या बाबतीत एक पथ्य कसोशीने पाळावे. उडता थवा मिळावा म्हणून काही जण टाळ्या वाजवतात, दगड फेकतात किंवा होडी थेट पक्ष्यांत घालतात. भरती-ओहोटीच्या दरम्यान चरण्याचे मोजकेच तास त्या जिवांना मिळतात आणि पुढे त्यांना लांबचा प्रवास करावयाचा असतो. त्यांचा घास हिरावून मिळवलेले चित्र कितीही सुंदर असले तरी ते घरात लावण्याजोगे नाही.

तेव्हा कॅमेरा घेऊ इच्छिणाऱ्याने आधी एखाद्या षष्ठीच्या दुपारी रिकाम्या हातांनी ट्रॉम्बेच्या जेटीवर तासभर उभे राहावे. नजर पुन्हा पुन्हा चिखलावरच्या गुलाबी रांगांकडे जाते की होडीतून उतरणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे, एवढेच पाहावे. दुकानात गेल्यावर दुकानदाराला सांगावयाचे उत्तर तेवढ्या वेळात मिळून जाते, आणि त्यासाठी मानखुर्दपर्यंतच्या तिकिटाखेरीज काही खर्च येत नाही.