शिकार टॉर्नेडोची, डायनिंग टेबलवर!

‘ट्विस्टर’ आठवतोय? १९९६चा तो सिनेमा, ज्यात वादळात चक्क गाय उडत जाते? कॉलेजात असताना केबलवर तो बघून आमच्या अख्ख्या ग्रुपनं ठरवलं होतं, एकदा तरी ओक्लाहोमा! पुढे ग्रुप पांगला आणि कंपनीनं माझी रवानगी थेट डॅलसला केली. डॅलसहून आय-३५ पकडून सरळ उत्तरेला निघालं की तीनेक तासांत नॉर्मन. तिथे माझा मामेभाऊ राहतो. मे महिन्यातला शुक्रवार, गळ्यात कॅमेरा, डोक्यात ती गाय. म्हटलं, दादा, चल!

दादा म्हणाला, ‘आधी जेव. मग पेपर सोडव.’

नॉर्मन म्हणजे लाल माती, सपाट जमीन आणि चहूबाजूंनी आभाळ. पण हवामानवाल्यांचं हे पंढरपूर. वादळांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा इथे १९६४पासून आहे, आणि अख्ख्या अमेरिकेला ‘आज कुठे धोका’ हे सांगणारं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरही इथेच. शेजारचं मूर गाव ३ मे १९९९ आणि २० मे २०१३ असं दोनदा सर्वांत वरच्या श्रेणीच्या टॉर्नेडोखाली सापडलं. दादाच्या गराजच्या फरशीखाली लोखंडी शेल्टर आहे. वहिनीनं त्यात पाण्याच्या बाटल्या आणि पासपोर्ट ठेवलेत.

वादळामागे गाडी पळवणं हा इथे वीकेंडचा छंद आहे, पैसे भरून टूरही मिळते. दादाची गँग मात्र तुमच्या-माझ्यासारखी ऑफिसवाली. सुट्टी टाकून वर्षात तीन-चार दिवस बाहेर पडणार आणि बाकी वर्षभर टेबलावर सराव करणार. पेपर असा असतो : एखादा जुना, खरा दिवस घ्यायचा आणि त्याची तारीख झाकायची. सकाळी सोडलेल्या बलूनचे आकडे, वारे आणि दवबिंदूचे नकाशे हातात द्यायचे. प्रश्न पहिला : दुपारी चारला कुठल्या गावात उभा राहशील? मग एकेक तासाचा नकाशा उघडायचा, दर नकाशाला पाच मिनिटं. गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या वर नाही. रस्ते मैलामैलावर, आलेखाच्या कागदासारखे, आणि त्यातले कितीतरी कच्चे. पावसात चिखल! हवामान खात्याचे लोकही सिम्युलेटरवर जुनी वादळं अशीच ‘लाइव्ह’ चालवून शिकतात.

पहिल्या पेपरात मी जिथे वादळाला सर्वांत जास्त ऊर्जा दिसली, ते गाव धरलं. तीन वाजले, पाच वाजले, सात वाजले. आभाळ निळंशार! आखातावरून आलेली दमट हवा खाली खदखदत असते, पण वर उष्ण हवेचा थर कुकरच्या झाकणासारखा बसलेला असतो. तो फुटला नाही तर काहीच नाही. आपल्याकडे दिवसभर घामाघूम होऊन शेवटी वळीव हुलकावणी देतो ना, तसंच. मार्क शून्य.

दुसरा पेपर आला तेव्हा मी शहाणा झालो होतो. दवबिंदू सत्तर फॅरनहाइटच्या वर, ऊर्जा चार हजारांच्या पुढे, पश्चिमेकडून येणारी कोरडी हवा बरोब्बर हवी तिथे, झाकण कमजोर. मी बोट ठेवलं एल रेनोवर, ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला. पाचच्या सुमारास तिथेच ढग फुटले. सहा वाजून गेले आणि टॉर्नेडो जमिनीला टेकला, माझ्या नैऋत्येला! सॉलिड! तो आग्नेयेकडे सरकत होता. फोटो स्वच्छ हवा तर त्याच्या दक्षिणेला जायला हवं, उत्तरेकडून तो पावसाआड जातो. मी हिशेब मांडला. पूर्वेला सुसाट जायचं, त्याच्या पुढून आडवं दक्षिणेला उतरायचं. दहा मिनिटं पुरतील.

‘पक्कं?’

‘पक्कं.’

चहा घेऊन आलेली वहिनी तिथेच थांबली. दादानं पुढचा नकाशा उलटला. टॉर्नेडो आधी पूर्वेला वळला होता, मग ईशान्येला. वेग वाढला होता आणि रुंदी झाली होती चार किलोमीटरच्याही वर. माझा पेन्सिलचा ठिपका त्याच्या आत होता.

मग दादानं तारखेवरची पट्टी काढली. ३१ मे २०१३. आजवर नोंदला गेलेला सर्वांत रुंद टॉर्नेडो. टिम समॅरस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्या संध्याकाळी तिथल्याच एका कच्च्या रस्त्यावर गेले. आणि समॅरस काही हौशी पोरगा नव्हते. २००३मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरला त्यांनी टॉर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या यंत्रानं हवेचा दाब शंभर मिलिबारनं कोसळलेला टिपला होता.

‘आम्ही पण होतो त्या दिवशी,’ वहिनी म्हणाली. मूरला अकराच दिवस झाले होते. लोक घाबरून घरातून गाड्या काढून निघाले, हेही निघाले. मागच्या सीटवर दोन वर्षांची मुलगी. ‘हायवे ठप्प. मागे काळं आभाळ, पुढे नुसते लाल ब्रेकलाइट. यांना इतकं कळतं, पण गाडी हलतच नव्हती.’ गराजमधलं शेल्टर त्याच वर्षीचं. टेबलावरचे पेपरही.

मी चहा प्यायलो. पेन्सिल खोडली नाही.

शनिवारी खरा पेपर. पश्चिम ओक्लाहोमात पाचपैकी दुसऱ्या पायरीचा धोका. दादाचा नियम एकच : गाव निवडायच्या आधी दक्षिणेला जाणारा डांबरी रस्ता दाखव. आम्ही क्लिंटनजवळ थांबलो. साडेपाचला ढग उभा राहिला, ऐरणीसारखा, आणि रडारवर तो गरगरताना दिसायला लागला. पण सगळं पावसाआड! बघायचं तर खालून घुसावं लागणार. दादा स्टीअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. ‘बोल.’

बॉस, खोटं कशाला सांगू, जीभ जड झाली होती. महिनाभर वाट पाहिली होती या दिवसाची.

‘दक्षिणेला,’ मी म्हटलं.

वीस किलोमीटरवरून ते वादळ आम्ही तासभर बघितलं. आतून पेटणारा पांढरा डोंगर. टॉर्नेडो झाला की नाही, आम्हाला दिसला नाही. कॅमेऱ्यात चाळीस फोटो आहेत. एकात तर गाय पण आहे. कुंपणाशी उभी, चरतेय.