काम नसलेला प्रवास

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा वसतिगृहातील आठवणी इतर बंधुभगिनी माझ्यापेक्षा अधिक चांगल्या लिहितील याची खात्री होती. म्हणून एका सुट्टीविषयी लिहीत आहे. सुट्टी हा विषय गौरव अंकाला थोडा हलका वाटेल. परंतु आपल्या घरांमध्ये सुट्टी ही गोष्ट किती उशिरा आली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो हलका वाटणार नाही.

आमच्या घरात रेल्वेच्या तिकिटाला नेहमी कारण असे. १९७२ च्या दुष्काळात आजी-आजोबा सोलापूर जिल्ह्यातून पिंपरीला आले ते पोटासाठी. पुढे आई रेल्वेत बसली ती मयतीला, लग्नाला, मुंबईच्या इस्पितळात, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर. भेटीच्या रविवारी ती लोकलने आणि पुढे एसटीने मला भेटायला शाळेत येई, तेव्हाही पिशवीत धुतलेले कपडे आणि डब्यात चटणी-भाकरी असे. केवळ बरे वाटावे म्हणून प्रवास करावा, हा विचार आमच्याकडे कधी कोणी बोलून दाखवला नव्हता.

चाकणच्या एका मोटार कारखान्यात गुणवत्ता विभागात मी नोकरी करते. २०१९ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी तीन महिने जर्मनीत कार्ल्सरूहे शहराजवळ होते. जूनमध्ये आईला तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतले. जर्मनीच्या त्याच व्हिसावर फ्रान्सलाही जाता येते, म्हणून चार दिवसांची रजा जोडून भूमध्य समुद्राकाठच्या मार्सेय शहराची दोन तिकिटे काढली. हेच ते शहर, ज्याचे नाव आपल्या चरित्रग्रंथांत मार्सेलिस असे येते. आईला सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "तिथं आपलं काम काय गं?"

काम काहीच नव्हते, आणि हे तिला पटवून देणे व्हिसा मिळवण्यापेक्षा अवघड गेले.

फ्रँकफर्टहून निघणारी थेट गाडी कार्ल्सरूहेला दुपारी मिळते आणि स्ट्रासबूर, बझाँसाँ, लिओं असे थांबे घेत जवळजवळ सात तासांत मार्सेयला पोहोचते. काही टप्प्यांत तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. आईने फडक्यातली भाकरी सोडली, मला अर्धी दिली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. लिओंच्या पुढे गाडी ऱ्होन नदीच्या खोऱ्याने दक्षिणेला उतरते. तेथे आकाशाचा रंगच बदलतो. हिरवी कुरणे मागे पडतात, पांढरट खडकांचे डोंगर येतात आणि शेतांच्या कडेला सरूच्या झाडांच्या दाट भिंती दिसतात. उत्तरेकडून खोऱ्यातून सुटणाऱ्या मिस्त्राल नावाच्या जोरदार वाऱ्यापासून पीक वाचावे म्हणून त्या लावलेल्या असतात. आईच्या ते आपोआप लक्षात आले. "वाऱ्याला आडोसा केलाय," ती म्हणाली. दुष्काळी मुलखातल्या माणसाच्या लेकीला हे कोणी शिकवावे लागत नाही.

मार्सेयचे सेंट चार्ल्स स्थानक १८४८ साली सुरू झाले. आपल्या चिंचवड-तळेगावावरून जाणारा खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ चा, म्हणजे त्याच्यापेक्षा दहाच वर्षांनी लहान. आम्ही उतरलो तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते, तरी पश्चिमेला उजेड होता. स्थानकासमोर १०४ पायऱ्यांचा प्रचंड जिना शहरात उतरतो. १९२० च्या दशकात तो बांधला, तेव्हा पायथ्याशी आशिया आणि आफ्रिकेतील वसाहतींची प्रतीके म्हणून दगडी स्त्रिया बसवल्या. आई त्यांच्यापाशी थांबली. त्या कोण, असे तिने विचारले, आणि आपल्यासारख्या देशांना तेव्हा असे दाखवत असत, असे मी सांगितले.

या स्थानकाशी आपले आणखी एक नाते आहे. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. लंडनहून ते रेल्वेने मार्सेयला आले आणि तेथून 'कैसर-ए-हिंद' या बोटीने निघून २१ ऑगस्टला मुंबईस पोहोचले. त्यांची पुस्तके मात्र दुसऱ्या बोटीवर होती, आणि ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पुढे बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळाली नाही, हे आपण सर्व जाणतोच. त्या वेळी जिना नव्हता. पण समुद्र हाच होता, आणि ज्यांना त्याच्याकडे पाहत बसण्याची उसंत नव्हती असा एक सव्वीस वर्षांचा तरुण येथून गेला होता.

आपल्या परिसरातील माणसे त्याच्याही आधी येथे उतरली होती. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस भारतीय सैन्याची पहिली तुकडी याच बंदरात आली. तिच्या लाहोर डिव्हिजनमध्ये आपल्या शेजारच्या खडकीतील सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या. महिन्याभरात, २८ ऑक्टोबरला, न्यूव्ह शापेल गावात त्यांना पायदळासारखे लढावे लागले आणि त्यांची फार मोठी हानी झाली. शहराच्या दक्षिणेला माझार्ग येथे युद्धस्मशान आहे. दुसऱ्या दिवशी बसने तेथे गेलो. आईला इंग्रजी अक्षरे लावत वाचता येतात. तिने बरीच नावे वाचली आणि मग विचारले, "ही सगळी कामालाच आलेली ना?"

त्या प्रश्नाने मला एक जुने वाचन आठवले. जून १९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांच्या मोठ्या संपानंतर तेथे कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. सरकारने कामगारांसाठी सवलतीचे रेल्वे तिकीट काढले, आणि त्याच उन्हाळ्यात लाखो माणसे गाडीने निघाली. त्यांतल्या कित्येकांनी समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला वर्षाच्या नोकरीनंतर दहा दिवसांची भरपगारी रजा आली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने, १९५४ च्या दुरुस्तीनंतर, वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा ठरवली.

आईने भोसरीतील एका लहान वर्कशॉपमध्ये ठेकेदाराकडे एकोणीस वर्षे काम केले. २४० दिवस भरण्याआधी तिला ब्रेक मिळे, काही दिवसांनी पुन्हा नव्याने हजेरी लागे. त्यामुळे एकोणीस वर्षांत तिच्या नावावर रजेचा एकही दिवस जमा झाला नाही. बाबासाहेबांनी मिळवून दिलेली रजा कागदावर होती, आणि ती आईच्या दारापर्यंत आली नाही. हे गणित मी तिला माझार्गहून परतताना बसमध्ये समजावून सांगितले. ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जुन्या बंदरावर कोळणी ताजी मासळी विकताना पाहिल्या, नोआयच्या बाजारात आईने खुणांनीच भाव करून कोथिंबिरीची जुडी घेतली, आणि दुपारी कातालाँच्या पुळणीवर गेलो. उन्हात कुटुंबेच्या कुटुंबे बसली होती. त्यांत अल्जिरियाकडच्या असाव्यात अशा डोक्याला रुमाल बांधलेल्या आजीबाईही होत्या. आईने घोट्यापर्यंत पाण्यात पाय घातले, परत येऊन लुगड्याचा ओचा पिळला आणि विचारले, "आज कुठं जायचं नाही ना?" नाही म्हटल्यावर ती बसली. भाकरी थापली नाही, काही निवडले नाही, माझ्या केसांना हात लावला नाही. दोन तासांहून अधिक वेळ ती समुद्राकडे पाहत होती. उठताना एवढेच म्हणाली, "एकोणीस वर्षांची रजा एका दिवसात फिटत नाही. पण सुरुवात झाली."

पिंपरीला परतल्यावर बचत गटातील बायकांनी तिला गाठले. एवढ्या लांब काय काम काढले होते, असे त्या विचारू लागल्या. काही काम नव्हते, बसले होते, असे आईने सांगितले, आणि त्या हसल्या. पण जानेवारी २०२० मध्ये त्याच गटातील अकरा जणी पनवेलहून कोकण रेल्वेने रत्नागिरीला गेल्या. त्यांतल्या सात जणींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. हप्त्याच्या वहीत आईने त्या खर्चाच्या रकान्यापुढे कारण म्हणून 'रजा' असे लिहिले आहे.

आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज चाकण, तळेगाव, रांजणगाव येथे पर्यवेक्षक आणि अधिकारी आहेत. हजेरीपत्रकावर सही करण्याचा अधिकार आपल्या हाती आला आहे. आपल्या सहीखाली कोणाचे रजेचे दिवस मोडले जात नाहीत ना, एवढे दर महिन्याला पाहिले जावे, अशी विनंती मी या स्मरणिकेतून करते. आणि ज्यांचे आईवडील हयात आहेत, त्यांनी त्यांना एकदा तरी काम नसलेल्या प्रवासाला न्यावे. मार्सेयच हवे असे नाही. अलिबागही चालेल.