शीरखुर्म्याची वाटी

ईदच्या सकाळी मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावरून नमाज पढून घरची माणसं परतली, की शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत शीरखुर्म्याच्या वाट्या फिरू लागतात. पहिली वाटी शेजारच्या काकूंकडे जाते. गेल्या रमजान ईदला ती माझ्या हातातच राहिली. चार वर्षांच्या धाकटीने दोन चमचे खाल्ले आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली.

"नवे कपडे घातलेत, नजर लागली," म्हणत दादी मीठ-मिरच्या आणायला उठल्या. मला मात्र मागच्या वलीम्याची दावत आठवली. तिथे पांढरा रस्सा प्यायल्यावरही तोंडाभोवती अशाच गांधी उठल्या होत्या. तेव्हा मसाला बाधला म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. दोन्हीकडे वाटून किंवा चिरून घातलेली एक वस्तू होती, काजू. रिक्षा करून आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी विचारलं, काय खाल्लं, किती, किती वेळाने त्रास झाला? नुसत्या कातडीवरच्या चाचणीने निदान पक्कं होत नाही, ही हकिगतच महत्त्वाची असते. काजूबरोबर त्यांनी पिस्ताही बंद केला. दोन्ही एकाच कुळातले. एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याचीही बहुधा असते. पण शेंगदाणे आणि बदाम ती नेहमी खाते, ते चालू ठेवा म्हणाले. मी तर घाबरून दूध, अंडी, मासळी, सगळंच बंद करायच्या बेतात होते! "घरी थोडं देऊन बघू" हा प्रयोग करायचा नाही, तो दवाखान्यातच, हेही बजावलं. आणि श्वास कोंडला तर गांधींवरच्या औषधाने भागत नाही. मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. अशा वेळी वाट न बघता 108 ला फोन.

घर सोपं गेलं. पाकिटावर हलालचं बघायची, जिलेटिन कुठलं ते शोधायची आपल्याला सवय असतेच. त्याच बारीक अक्षरांत आता काजू शोधते. सुट्या मिठाईला मात्र चिठ्ठी नसते. बदामाची बर्फी असली तरी सुरी काजूकतलीचीच असते, म्हणून ती बंद.

बाहेर अवघड जातं. मोहरमचा मलिदा, गणपतीची खिरापत, सगळं मायेने हातावर ठेवलेलं. एका नात्यातल्या खाला रागावल्या, "तबर्रुकाला नाही म्हणतात का? एवढ्याशाने काय होतंय?" मी काय सांगणार? मी मलिदा कपाळाला लावून स्वतः खाल्ला आणि पोरीचा हात धरून ठेवला. त्या अजून नीट बोलत नाहीत. वाईट वाटतं.

दादी मात्र बदलल्या. या ईदला त्यांनी आधी धाकटीचं छोटं पातेलं केलं, खारीक आणि घरी फोडलेले बदाम घालून, वेगळ्या पळीने. काजू-पिस्त्याचं मोठं पातेलं त्यानंतर. मीठ-मिरच्याही उतरवल्याच, पण त्याला डॉक्टरांची काही हरकत नव्हती.

परवा काकूंकडे बारसं होतं. कुणीतरी धाकटीसमोर लाडू धरला. मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले, तोवर ती दोन्ही हात पाठीमागे लपवून विचारत होती, "ह्यात काजू हाय काय?"